दोघांची केबिन, एकटीचं तिकीट

मैत्रिणींनो, आमच्या भिशीत आम्ही नऊ जणी आहोत. दोघी शिक्षिका, एक अंगणवाडी सेविका, एकीचं शिवणकाम, एकीचं किराणा दुकान आणि बाकीच्या माझ्यासारख्या, घर सांभाळून गावातली चार कामं करणाऱ्या. शेगाव झालं, माहूर झालं, पंढरपूर आणि अष्टविनायकही झाले. दोन वर्षांपूर्वी एकीनं सहज म्हटलं, "देव तं लय झाले वं, आता एकडाव समुद्र पाहू." झालं! त्या दिवसापासून भिशीच्या पैशाव्यतिरिक्त दर महिन्याला प्रत्येकीनं हजार रुपये वेगळे ठेवायला सुरुवात केली. कुणी शिलाईतून वाचवले, कुणी लाडक्या बहिणीच्या दीड हजारातून काढले, कुणी दूध विकून आणले. दोन वर्षांत माणशी २४,००० रुपये जमले. नऊ जणींचे मिळून २,१६,००० रुपये.

आणि मग एके दिवशी पेपरच्या घडीतून ते रंगीत पत्रक पडलं. पांढरंशुभ्र जहाज, निळा समुद्र आणि मोठ्या अक्षरात, 'मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ, दोन रात्री, फक्त १८,००० रुपयांपासून!' आमच्याकडे तर चोवीस हजार होते. आम्ही मनातल्या मनात बॅगाही भरल्या.

दोघी-तिघी मिळून एजंटकडे गेलो. त्यानं कॅल्क्युलेटर काढलं आणि विचारलं, "किती जणी?" "नऊ." तो म्हणाला, "चार जोड्या होतात मॅडम. नवव्या मॅडमला सिंगल ऑक्युपन्सी लागेल. त्यांचे बेचाळीस हजार."

अठरा हजारांचे बेचाळीस हजार! आणि नववी कोण, हे कुणी बोललं नाही, पण पुढच्या भिशीत सगळ्यांची नजर एकीकडेच गेली. आमच्यात सगळ्यात मोठ्या असलेल्या काकूंकडे. काकांना जाऊन बारा वर्षं झाली. काकूंनी सगळ्यांच्या नजरा ओळखल्या आणि हसून म्हणाल्या, "राहू द्या वं. तुमी जा. मले समुद्र काय, आपलं बेंबळ्याचं धरणच समुद्र."

त्या हसल्या, पण मला रात्रभर झोप आली नाही. दोन वर्षं आमच्याइतकेच हजार रुपये टाकणारी बाई, केवळ आकडा विषम म्हणून मागे राहणार? सकाळी वही घेतली आणि हा क्रूझचा भाव नक्की कसा ठरतो, हे समजून घ्यायला बसले. जे कळलं, ते तुमच्यासाठी लिहिते आहे.

आता जहाज आपल्यापर्यंत का आलं?

तुम्ही म्हणाल, नांदगाव खंडेश्वरात बसून क्रूझच्या गोष्टी कशाला? समुद्र इथून सहाशे-सातशे किलोमीटर दूर. पण जाहिरात आता तालुक्याच्या गावातही येऊन पोचली आहे, आणि त्याला कारणं आहेत. केंद्र सरकारनं ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबईत 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. २०२९ पर्यंत देशातल्या क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची, हे त्याचं उद्दिष्ट. मुंबईच्या बंदरातल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. इकडे आपल्या तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण खुला झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान उडालं. म्हणजे जहाजांना नवे प्रवासी हवेत, आणि आपल्याला मुंबई जवळ आली. साहजिकच आपल्या डब्यातल्या हजार-हजारांवर आता त्यांचंही लक्ष आहे.

तसं मराठी माणसाला बोटीचा प्रवास नवा नाही. मुंबईहून कोकणातल्या बंदरांना आणि गोव्याला बोटी जायच्या. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं जुन्या कोकणी माणसाला अजून आठवतात. त्या बोटींवरही दर्जे होतेच. पैसेवाल्यांना केबिन, बाकीच्यांनी डेकवर सतरंजी पसरायची. पण ती बोट म्हणजे समुद्रातली एस.टी. होती. गावाला पोचायचं म्हणून माणसं चढायची. आजची क्रूझ म्हणजे चालतं हॉटेल. ती जिथून निघते तिथंच बहुतेक वेळा परत येते. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये 'आंग्रिया' ही मुंबई-गोवा बोट सुरू झाली होती, पुढे ती बंद पडली. २०१९ मध्ये 'जलेश' कंपनीचं 'कर्णिका' जहाज मुंबईहून निघू लागलं, तेही करोनात, २०२० साली थांबलं. २०२१ च्या सप्टेंबरपासून 'कॉर्डेलिया'चं 'एम्प्रेस' जहाज मुंबईहून प्रवाशांना नेऊ लागलं. यातून एवढं लक्षात घ्यायचं, की या धंद्यात कंपन्या येतात आणि जातातही. म्हणून वर्ष-वर्ष आधी पूर्ण पैसे भरून मोकळं होण्यात शहाणपण नाही.

केबिनचे चार प्रकार

रेल्वेत कसं स्लीपर, थ्री टायर, टू टायर असतं, तसे जहाजावर केबिनचे दर्जे असतात. नावं प्रत्येक कंपनीची वेगळी, पण मुळात प्रकार चारच.

पहिली 'इंटेरियर' किंवा 'इनसाइड', म्हणजे आतली केबिन. हिला खिडकी नसते. दिवा मालवला की भरदुपारीही मिट्ट काळोख. सगळ्यात स्वस्त हीच, आणि पत्रकावरचा 'पासून'वाला आकडा बहुतेक वेळा हिचाच असतो.

दुसरी 'ओशन व्ह्यू', म्हणजे समुद्र दिसणारी. हिला काचेची बंद खिडकी असते. खिडकी उघडत नाही, वारा आत येत नाही, नुसतं पाहायचं. यातही एक गंमत आहे. काही खिडक्यांच्या पुढे संकटकाळच्या होड्या टांगलेल्या असतात. अशा केबिनला 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' म्हणतात. समुद्राऐवजी होडीचा नारिंगी रंगच पाहायला मिळायचा! ती थोडी स्वस्त मिळते, पण ती तशी आहे हे घेण्याआधी कळायला हवं.

तिसरी बाल्कनीची. दार उघडून दोन खुर्च्यांपुरत्या गच्चीत जाता येतं. चौथी 'स्वीट', म्हणजे मोठी खोली, बसायची वेगळी जागा, आणि कधीकधी जेवणाखाण्याच्या, आधी चढण्या-उतरण्याच्या जास्तीच्या सवलती.

खोली केवढी असते, हा आपला पहिला प्रश्न. बऱ्याच जहाजांवर आतली केबिन साधारण १२० ते १८० चौरस फुटांची असते, आणि त्यातच संडास-बाथरूमही आलं. तुलनाच करायची तर सरकारी योजनेतलं गावाकडचं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचं असतं. म्हणजे केबिन ही घरकुलाच्या साधारण अर्ध्याएवढी. फोटोत ती मोठी दिसते, कारण कॅमेरा कोपऱ्यात ठेवून काढलेला असतो. आपण मोठाल्या बॅगा, फराळाचे डबे आणि चार-चार साड्यांची गाठोडी घेऊन जाणाऱ्या. तेव्हा हे आधीच लक्षात असलेलं बरं.

एकाच प्रकारच्या दोन केबिनचे भावही वेगळे असतात. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी लागतात. अगदी पुढच्या टोकाला, मागच्या टोकाला आणि खूप वर जास्त लागतात. ज्यांना एस.टी.च्या घाटातही मळमळतं, त्यांनी मधली खालची केबिन मागावी. महागडी वरची केबिन त्यांच्यासाठी चांगली असेलच असं नाही. नाचगाण्याच्या हॉलच्या किंवा स्वयंपाकघराच्या बरोबर वर-खालच्या केबिनमध्ये रात्री आवाज येतो. म्हणून जहाजाचा नकाशा, ज्याला 'डेक प्लॅन' म्हणतात, तो मागून घ्यायचा आणि आपल्या डोक्यावर काय आहे ते पाहायचं.

'गॅरंटी केबिन' असाही एक शब्द तुमच्या कानावर येईल. ऐकायला भक्कम वाटतो ना? त्यात प्रकाराची खात्री असते, जागेची नसते. केबिनचा नंबर कंपनी तिच्या सोयीनं, कधी अगदी शेवटी देते. आपल्यासारख्या गटाला ही स्वस्ताई महागात पडू शकते, कारण एक केबिन पुढे आणि दुसरी मागे, अशी फाटाफूट होऊ शकते.

आमच्यातल्या एकीनं विचारलं, "आतल्या खोलीत काही झालं तर बाहेर कसं पडाचं? टायटॅनिकमदी खालचेच तं बुडाले." प्रश्न अगदी बरोबर आहे. १९१२ च्या त्या अपघातात पहिल्या वर्गाच्या जवळजवळ सगळ्या बायका वाचल्या आणि तिसऱ्या वर्गातल्या निम्म्याहून कमी. पण त्या अपघातानंतरच, १९१४ मध्ये, समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या वेळी टायटॅनिकवर सगळ्यांना पुरतील एवढ्या होड्याच नव्हत्या. आता चढलेल्या प्रत्येकासाठी बचावाच्या साधनांत जागा असावीच लागते, केबिन कुठलीही असो. जहाज निघण्याआधी किंवा निघताच सुरक्षेची कवायत घेतात. ती आतल्या केबिनवालीला आणि स्वीटवालीलाही सारखीच सक्तीची. तेवढ्या वेळात फोटो काढत फिरू नका, आपली जमायची जागा कोणती ते नीट पाहून ठेवा.

'अठरा हजारांपासून' म्हणजे काय?

आता मुख्य गोष्ट, भाव. पत्रकाच्या तळाशी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात एक ओळ होती. भिंगानं वाचावी लागली. 'माणशी दर, एका केबिनमध्ये दोघांच्या वास्तव्यावर आधारित. कर व इतर शुल्क वेगळे.' सगळी ग्यानबाची मेख या ओळीत आहे.

जहाजवाला विकतो ती केबिन. पण सांगतो तो भाव अर्ध्या केबिनचा. दोघं राहतील असं धरून केबिनच्या किमतीचे दोन भाग करायचे आणि एक भाग जाहिरातीत छापायचा. दोघी गेल्या तर हिशेब बरोबर. एकटी गेली तर अर्धी केबिन रिकामी राहते, आणि तिचे पैसेही ती एकटीच भरते. याला 'सिंगल सप्लिमेंट' म्हणतात. काही कंपन्या पूर्ण दुप्पट घेतात, काही दीडपट, कधी एखाद्या रिकाम्या मोसमात सवलतही देतात.

आणि तिघी-चौघी गेल्या तर? काही केबिनमध्ये भिंतीतून खाली ओढायचा पलंग असतो किंवा सोफ्याचा पलंग होतो. अशा तिसऱ्या-चौथ्या माणसाला दर बराच कमी लागतो, कारण केबिनचे पैसे पहिल्या दोघांनी भरलेले असतात. एजंटनं आम्हाला हे आपणहून सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

त्यावर मग बंदराचं शुल्क, नोकरवर्गासाठीचं सेवा शुल्क आणि कर. त्यातली शुल्कं मात्र केबिनवर नसतात, डोईमागं असतात.

आता आमच्या वहीतला हिशेब पाहा. सोपं जावं म्हणून आकडे गोल केले आहेत. जहाजाचे दर विमानासारखे रोज बदलतात, म्हणून आकडे नको, रीत लक्षात ठेवा.

मूळ दर माणशी १८,०००. शुल्क आणि कर मिळून डोईमागं ६,०००. म्हणजे दोघींच्या केबिनमध्ये प्रत्येकीला २४,०००, केबिनचे एकूण ४८,०००. एकटीला मूळ दर दुप्पट, ३६,०००, अधिक ६,०००, असे ४२,०००. तिसऱ्या-चौथ्या बाईचा मूळ दर १०,००० आणि शुल्क ६,०००, असे १६,०००. म्हणजे तिघींच्या केबिनचे ६४,००० आणि चौघींच्या केबिनचे ८०,०००.

एजंटच्या पद्धतीनं, चार जोड्या आणि एक एकटी, असे झाले १,९२,००० अधिक ४२,०००, म्हणजे २,३४,०००. आमच्या डब्यात होते २,१६,०००. अठरा हजार कमी!

आता तिघी-तिघींच्या तीन केबिन घ्या. ६४,००० गुणिले तीन, म्हणजे १,९२,०००. डब्यात उलट २४,००० उरतात, बडनेऱ्याहून मुंबईला जाण्या-येण्याच्या तिकिटांना. त्याच नऊ बायका, तेच जहाज, तेच जेवण. फरक फक्त बसायच्या रचनेचा, आणि तो ४२,००० रुपयांचा. म्हणजे काकूंच्या एकटीच्या तिकिटाएवढाच!

कागदावरचा हा आकडा पाहून मला आनंदाआधी रागच आला. आम्ही सगळ्या शिकल्यासवरलेल्या, आणि एका वयस्क बाईला 'राहू द्या' म्हणायला लावलं. कारण काय, तर एजंटनं जोड्या लावल्या आणि आम्हीही जोड्याच लावल्या.

जोडीचंच गणित का?

जहाजवाल्याची बाजूही ऐकून घेऊ. जहाज चालवायचा खर्च ठरलेला असतो. इंधन, बंदर, शेकडो कर्मचारी. पलंग भरो की रिकामा राहो, तो खर्च कमी होत नाही, आणि जहाज सुटल्यावर रिकामा पलंग कुणाला विकताही येत नाही. बाजार उठल्यावर उरलेल्या कोथिंबिरीसारखं! शिवाय कंपनीची कमाई तिकिटावरच थांबत नाही. दारू, दुकानं, कॅसिनो, मालिश, किनाऱ्यावरच्या सहली, यातूनही ती कमावते. दोन माणसं चढली की दोन पाकिटं उघडतात. एकटी बाई म्हणूनच त्यांना अर्धी वाटते.

धंद्याचं गणित म्हणून मला हे कळतं. पण बाई म्हणून विचार केला की दुसरं काही दिसतं. आपली एस.टी. बाईला एक सीट समजते, आणि मार्च २०२३ पासून तर अर्ध्या तिकिटात नेते. रेल्वेत दोन बर्थच्या कूपेत एकटी बसली तरी ती आपल्याच बर्थचे पैसे देते. क्रूझवर आणि अनेक हॉटेलांच्या पॅकेजवर मात्र हिशेब जोडप्यापासून सुरू होतो. विधवा, लग्न न केलेली, सोडून दिलेली, किंवा नवऱ्याला समुद्र आवडत नाही म्हणून एकटी निघालेली, या सगळ्या त्या हिशेबात 'जादा शुल्क' होतात. शहरातल्या काही सहल कंपन्या बायकांच्या खास सहलीत एकट्या आलेल्या दोघींना एका खोलीत ठेवतात. विचारलं तर क्रूझच्या बुकिंगमध्येही एखादा एजंट अशी जोडीदारीण मिळवून देतो. पण विचारावं लागतं.

कायदा काय म्हणतो?

एकट्या माणसाकडून जास्त दर घेणं हे, आधी स्पष्ट सांगितलं असेल तर, बेकायदा नाही. पण एक किंमत दाखवून शेवटी भलतीच मागणं, याबद्दल आता नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन खरेदी-विक्रीतल्या १३ फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या तीन आपल्या कामाच्या आहेत. पहिली, किमतीतले घटक सुरुवातीला न दाखवता थेंब-थेंब वाढवत नेणं. दुसरी, आपण न मागता विमा किंवा दुसरं काही बिलात गुपचूप घालणं. तिसरी, 'फक्त दोनच केबिन उरल्या, पाच मिनिटांत पैसे भरा' अशी खोटी घाई करणं.

तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथून सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. इथं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपली फार मोठी सोय केली आहे. कंपनी मुंबईची असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे अमरावतीला करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, ऑनलाइनही तक्रार नोंदवता येते. मुदत दोन वर्षांची. मात्र हातात कागद हवा. "तो म्हणाला होता" याला तिथं किंमत नाही. म्हणून एजंट जे बोलला ते त्याच्याकडून लिहून घ्या, निदान मोबाइलवर संदेशात तरी. आणि पैसे रोख देऊ नका.

पैसे भरण्याआधी हे विचारा

आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही प्रश्न लिहून ठेवले आहेत.

सगळं धरून नऊ जणींची एकूण रक्कम किती? माणशी नको, एकूण सांगा. कर, बंदर शुल्क, सेवा शुल्क त्यात आहे का?

तिघींच्या किंवा चौघींच्या केबिन शिल्लक आहेत का? अशा केबिन जहाजावर थोड्या असतात आणि सुट्ट्यांत आधी जातात. तिसरा पलंग वर चढायचा आहे की सोफ्याचा? गुडघे दुखणारीला वरचा पलंग देऊन चालणार नाही. खालचे दोन पलंग वेगळे करून मिळतील का, हेही विचारा, नाहीतर दोघींना एकच डबलबेड मिळायचा.

कोणतं जेवण तिकिटात आणि कोणतं वेगळ्या पैशाचं? शुद्ध शाकाहारी मिळेल ना? किनाऱ्यावर फिरायची गाडी कुणाच्या खर्चानं?

रद्द केलं तर किती कापणार? साधारणपणे तारीख जसजशी जवळ येते तसतसा परतावा कमी होत जातो, आणि शेवटच्या दिवसांत काहीच मिळत नाही. घरात आजारपण, लग्न, पेरणी काहीही निघू शकतं. तारीख बदलून मिळते का? नाव बदलून मिळतं का? आणि कंपनीनंच फेरी रद्द केली तर पैसे परत मिळणार की नुसती पुढच्या फेरीची चिठ्ठी?

तारीख कोणती स्वस्त? दिवाळी, नाताळ, नववर्ष आणि शनिवार-रविवार महाग. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हाचा विचारच नको.

आणि नाव! हा खास आपल्या बायकांचा घोटाळा. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, तिकिटावर तिसरंच. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट लागतो, आणि परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस म्हणून काही रक्कम आगाऊ घेतात. ती आयकराचं विवरणपत्र भरताना हिशेबात धरली जाते, म्हणून पावती जपून ठेवा. गरोदर मुलगी-सून बरोबर असेल तर लक्षात ठेवा, अनेक कंपन्या २४ आठवडे झाल्यावर जहाजावर घेत नाहीत.

परवाच्या दहा तारखेला भिशी माझ्याकडे होती. चहा झाल्यावर मी वही उघडली आणि सगळ्यांसमोर हिशेब मांडला. कुणी काही बोलेना. मग किराणा दुकानवाली म्हणाली, "तिसरीचा दर कमी हाय, मग जे तिसऱ्या पलंगावर झोपन तिनं कमी पैसे द्याचे का?" तिच्या दुकानी हिशेबाला हे सोडून काय सुचणार! पण शिक्षिकाबाईंनी चटकन उत्तर दिलं, "नाही. एकूण रकमेला नऊनं भागायचं. डब्यात टाकताना सारखे टाकले, तर निघताना पण सारखेच." सगळ्यांना ते पटलं. खोलीचा भाव जहाजवाला ठरवील, पण वाटणी तर आपल्या हातात आहे.

काकू इतका वेळ गप्प होत्या. शेवटी हळूच विचारलं, "त्या खोलीले खिडकी हाय का वं?"

मी म्हटलं, "नाही काकू, आतली केबिन आहे. तेवढंच बसतं आपल्या पैशात."

"नसू दे," त्या म्हणाल्या. "तिथं झोपाले कोण चाल्लं? मी तं रातभर वर बसीन, समुद्र पाहात."

आणि वरचा तो मोकळा डेक, मैत्रिणींनो, सगळ्यांसाठी सारखाच असतो. आतल्या केबिनवालीलाही आणि स्वीटवालीलाही. आम्ही अजून पैसे भरलेले नाहीत. एजंटला सांगून आलो आहोत, तिघी-तिघींच्या तीन केबिन, सगळ्या खर्चासह एकूण रक्कम, लिहून आणि सहीनिशी द्या. तो कागद हातात आल्यावरच डबा उघडणार. तुमच्याही गावात असं पत्रक आलं असेल, तर आधी खालची बारीक ओळ वाचा, आणि जोड्या लावण्याआधी आपल्यातली नववी कोण, ते पाहा.